सूर्यास्तानंतरचा घास

दूध आईनं द्यायचं, हे आदल्या दिवशीच ठरलं होतं. वरण, भात, भाकरी मी आणि शेजारच्या कमलश्री काकू देणार आणि शेवटी दूध आई. स्वयंपाकघरात पाटावर माताजी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या जैन साध्वी, बसल्या होत्या. दिवसातून एकदाच, दोन्ही हातांच्या ओंजळीत जे दिलं जाईल तेवढंच त्या घेत. त्या वर्षी त्यांचा चातुर्मास आमच्या गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात होता आणि आहारासाठी त्यांची पावलं एकदा तरी आमच्या दारात थांबावीत म्हणून आई श्रावणापासून वाट बघत होती.

आईनं चंबू उचलला. पितळेचा, अर्धाच भरलेला. तिच्या हिरव्या बांगड्या मनगटावरून घसरत थेट कोपरापर्यंत गेल्या. मी मदतीला हात पुढे केला, तर तिनं डोळ्यांनीच नको म्हटलं. चंबू ओंजळीवर आला, धार सुरू झाली आणि मग तो तिच्या हातातून सुटला. धक्का नाही, ठेच नाही. बोटं नुसती उघडली.

दूध पाटाखालून माताजींच्या पायांपर्यंत गेलं. त्यांनी ओंजळ सोडली.

"अंतराय," काकू हळूच म्हणाल्या.

देणाऱ्याच्या हातून भांडं पडलं की आहार तिथंच संपतो. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. माताजींच्या कपाळावर आठी आली नाही. त्या उठल्या, मोरपिसांची पिंछी घेतली आणि निघाल्या. दारातून बाहेर पडताना त्यांनी वळून आईला आशीर्वादाचा हात केला. तेच आईला सोसलं नाही.

"रागावल्या असत्या तर बरं झालं असतं," ती जमिनीवर बसत म्हणाली.

आण्णा, म्हणजे माझे वडील, फडकं घेऊन दूध पुसायला लागले होते. "हात थरथरला असेल. होतंय कधी कधी."

"थरथरला नाही. थरथरला असता तर मला कळलं असतं की." तिनं उजवा हात उलटासुलटा करून बघितला. "माझाच हात, आणि मला न विचारता सोडला बघा त्यानं."

आईला लिव्हरचा जुना आजार होता. गावात हे कुणाला पटत नसे. दारूचं नाव निघालं तरी पदर नाकाला लावणाऱ्या बाईला सिरोसिस कसा होईल? आधी साखर, मग लिव्हरवर चरबी, मग हे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात मात्र तिच्यासाठी काविळीचं पथ्य सुरू होतं, कारण लिव्हर म्हटल्यावर आम्हाला तेवढंच ठाऊक होतं. तेल नाही, तूप नाही, डाळीच्या वरचं नुसतं पाणी, मऊ भात. आण्णा दर रविवारी तिला वजनकाट्यावर उभं करत आणि काटा जिथल्या तिथं दिसला की समाधानानं चष्मा पुसत. पोटात पाणी भरत होतं आणि दंड वाळत होते, हे काटा सांगत नव्हता.

मी पुण्याहून महिनाभराच्या रजेवर आले होते. आल्या दिवशी मला तिची कानशिलं दिसली होती. दोन्ही बाजूंना खळगे, कुणी अंगठ्यानं दाबल्यासारखे. काकूंना मात्र त्यात वेगळंच काही दिसत होतं.

"काया कशी कृश झालीय बघ तुझ्या आईची," त्या मला कौतुकानं म्हणाल्या होत्या. "संसारात राहून असं तेज येत नाही गं सगळ्यांना."

आणि खरी भीती हीच होती की आईलाही तसंच वाटत होतं.

त्या दिवशी तिनं जेवायला नकार दिला. "माताजी माझ्यामुळे उपाशी, आणि मी बसून गिळू?"

"आई, तुझी तब्येत..."

"एक दिवसाचा उपवास आहे. जन्मभर केलेत."

दुपारी तिनं पाणी घेतलं, औषधं घेतली. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत मी मऊ भात पुढे ठेवला, तो तिनं झाकून ठेवायला सांगितला. त्यानंतर प्रश्नच नव्हता. रात्री न जेवण्याचं व्रत तिनं लग्नाआधी, आजीबरोबर बस्तीत देवापुढे उभं राहून घेतलं होतं. औषध आणि पाणी एवढीच सूट. माझ्या जन्माच्या वेळी रात्रभर कळा देत होती, सुईण शिऱ्याची वाटी घेऊन मागे लागली होती, पण उजाडेपर्यंत तिनं ओठ उघडले नाहीत, ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की त्या शिऱ्याचा वास मलाही यायचा.

सकाळी ती जपाला बसलेली दिसली. जप कधीच संपला होता, तरी ती बसूनच होती.

"आई?"

"उठवेना गं," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "मघापासून उठायला बघतेय. मांड्या माझ्या नाहीतच जणू."

आण्णांनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. तिला उभं करताना माझी बोटं तिच्या दंडाभोवती पूर्ण फिरून एकमेकांना टेकली.

"होऊ दे कृश," ती वर येताना पुटपुटली. "काया कृश व्हावी म्हणूनच तर सगळं असतंय."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते भाड्याची गाडी बघायला बाहेर गेले.

मिरजेला डॉक्टर मुल्लाबाई आईला दोन वर्षांपासून तपासत होत्या. त्यांनी पोट बघितलं, डोळे बघितले, आईला हात पुढे धरायला सांगून बोटं फाकवायला लावली. मग म्हणाल्या, "मावशी, हात छातीशी बांधा आणि खुर्चीवरून उठून दाखवा."

आई कशीबशी उठली. पुन्हा बसून उठायला सांगितलं तेव्हा तिचे हात आपसूक खुर्चीच्या दांड्यांकडे गेले.

"खाता काय दिवसभरात?"

आईनं सांगितलं. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला, खरोखरच लावला. "हे पथ्य कुणी दिलं?"

"आम्हीच," आण्णा म्हणाले.

"आजपासून बंद. मीठ कमीच राहू द्या. बाकी डाळ घट्ट, दूध, दही, पनीर, शेंगदाणे, सगळं. आणि रोज चालायचं. लिव्हरच्या माणसाला विश्रांतीपेक्षा पायांची गरज जास्त असते." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि रात्री झोपताना काहीतरी खायचं. ते सगळ्यात महत्त्वाचं."

"ते होणार नाही," आई म्हणाली.

"मला माहीत आहे, तुमच्यात सूर्यास्तानंतर खात नाहीत. रमजानमध्ये माझ्या माणसांशी मी हीच हुज्जत घालते. सगळे माझ्यावर रुसतात."

"मग रुसू दे की मलापण एकदा."

डॉक्टर हसल्या. "औषध समजा त्याला. औषधाची सूट आहे ना तुम्हाला?"

"लाडवाला औषध म्हटलं तरी तो लाडूच राहतोय डॉक्टर. स्वतःला फसवून कुठं जायचं?"

डॉक्टरांनी आईकडे वाकून, लहान मुलाला सांगावं तसं नव्हे, तर बरोबरीच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. निरोगी माणसाचं लिव्हर म्हणजे घरातली धान्याची कोठी. दिवसा भरते, रात्री शरीर त्यातलं काढून वापरतं. आईची कोठी आता काही साठवून ठेवत नव्हती. संध्याकाळचा घास उतरला की थोड्याच वेळात तळ लागत होता.

"मग रात्रभर शरीर चालतं कशावर?" आईनं विचारलं.

"दंडातलं काढतं. मांडीतलं, कानशिलातलं काढतं. दिवस उजाडून तुम्ही बस्तीतून येऊन पहिला घास घेईपर्यंत."

"काय काढतं?"

"स्नायू."

आईनं मान हलवली. परतीच्या वाटेवर गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. उसाचे फड मागे जात होते. आण्णांनी पुढच्या सीटवरून वळून मला घरी गेल्यावर बोलू अशी खूण केली.

घरी पोचल्यावर त्यांनी मला गोठ्यात गाठलं. "औषधाची ती पातळ बाटली आहे बघ, गुलाबी. त्यात सातूचं पीठ कालवलं तर?"

"तिला कळेल, आण्णा."

"कळू दे. कळेपर्यंत जेवढं अंगी लागेल तेवढं लागेल."

"व्रत तिचं आहे."

"बायको माझी आहे," ते म्हणाले आणि मग त्यांना स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटली असावी. गोठ्यात आता जनावर नव्हतं, तरी ते रिकाम्या गव्हाणीवरून हात फिरवत उभे राहिले. "तुला काय वाटतं, सुप्रभा? ती जाणार काय अशीच, विरघळून?"

मी त्यांच्या हाताशेजारी गव्हाणीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "मला माताजींकडे ने. प्रायश्चित्त घ्यायचंय."

भांडं पडल्याचं प्रायश्चित्त म्हणजे उपवास, दुसरं काय असणार? आणि माताजींनी दिलेला उपवास आई मोडणार नाही, डॉक्टरांनी काहीही सांगितलं तरी. आण्णांनी स्कूटर काढली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू आत जा तिच्याबरोबर. माताजींना सगळं सांग. त्या शिकलेल्या आहेत."

माताजी दीक्षेआधी बेळगावकडे शाळेत गणित शिकवत होत्या. बस्तीच्या मागच्या खोलीत फळीवर बसून त्या काहीतरी वाचत होत्या. आई भिंतीला धरून खाली बसली, मी तिच्या मागे.

"माताजी, माझ्यामुळे तुम्हाला अंतराय आला," आई म्हणाली.

"तो माझा योग. तुझं काय त्यात?"

"भांडं माझ्या हातून पडलं."

"बरं. आणि तू काय केलंस मग?"

"मीपण उपवास धरला."

माताजींनी पुस्तक मिटलं. "मी उपाशी राहिले ते माझ्या व्रतानं. तू राहिलीस ते कशानं?"

मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात आईनं मागे न बघताच हात आडवा केला.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "स्नायू म्हणजे मांसच ना?"

"हो."

"काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझं लिव्हर काही साठवत नाही. रात्री पोट रिकामं झालं की शरीर माझ्याच दंडातलं, मांडीतलं काढून खातं. रोज. उजाडेपर्यंत." आई थांबली. तिला दम लागत होता. "मी रात्रभर विचार केला माताजी. रात्री खायचं नाही हे मी कशासाठी धरलं? अंधारात बारीक जीव मरू नये, कुणाचं मांस पोटात जाऊ नये म्हणून. आणि मी तर रोज रात्री मांस खातेय. कुणाचं का असेना. माझं असलं म्हणून ते मांस नाही काय?"

बाहेर कुणीतरी नळाखाली कळशी लावली होती. ती भरून वाहायला लागली तरी बंद करायला कुणी आलं नाही.

"राजमती," माताजी म्हणाल्या, "रात्री खा, असं माझ्या तोंडून येणार नाही. यायला नको."

"मी विचारायला नाही आले. सांगायला आलेय. तुमच्यापासून चोरून मला काही करायचं नाही."

"मग काया कृश होऊ दे म्हणत होतीस ते? तुझे यजमान सकाळी इथं येऊन रडून गेले."

आण्णा सकाळी दूध आणायला म्हणून गेले होते. आईनं एकदम मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मलाही ठाऊक नव्हतं.

"काया कृश करायची तर जागेपणी करायची," माताजी म्हणाल्या. "आपण ठरवून, आपल्या हातानं. तू झोपलेली असताना रोग काढून नेतो ती चोरी आहे. तिला तप म्हणू नकोस. कोण म्हणत असेल त्यांनाही म्हणू देऊ नकोस."

आईनं पदरानं तोंड पुसलं. "आणि भांडं पडलं त्याचं प्रायश्चित्त?"

"तुझ्या घरापासून बस्ती किती लांब?"

"जवळच आहे की. पण मला स्कूटरवरून आणतात."

"उद्यापासून चालत यायचं. सकाळ-संध्याकाळ. वाटेत थांबलीस तरी चालेल, बसलीस तरी चालेल. गाडीवर बसायचं नाही. चातुर्मास संपेपर्यंत."

"आणि उपवास?"

"मागशील ते द्यायला मी दुकान मांडलंय काय?" माताजी म्हणाल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

परत जाताना आण्णा स्कूटर घेऊन दारात उभे होते. आई त्यांच्या शेजारून चालत पुढे गेली. "या मागनं हळूहळू," ती म्हणाली. "आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन रडायचं असेल तर घरी सांगून जायचं."

त्या दुपारी तिनं मला लाडवांसाठी डाळवं, म्हणजे फुटाण्याची डाळ, दळायला लावलं. गूळ, डाळव्याचं पीठ, शेंगदाण्याचं कूट. सगळं उजेडात, चाळून, निवडून. दूधही दिवसाच तापवून गाळून झाकलं. रात्रीच्या खाण्याला तिनं स्वतःचे नियम घातले. चूल पेटवायची नाही, काही नवीन करायचं नाही. खिडकीची जाळी लावलेली हवी, कारण दिव्यावर येणारा किडा ताटात पडला तर सगळंच व्यर्थ. भांडं झाकलेलं, घास हातात घेऊन आधी नीट बघायचा. झोपण्यापुरतं, चवीसाठी नाही.

रात्री जेवायच्या वेळा गावात कधीच टळल्या होत्या तेव्हा आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. उभ्या आयुष्यात त्या खोलीत त्या वेळेला ताटलीचा आवाज झाला नव्हता. आईनं लाडू हातात घेतला, दिव्याखाली फिरवून बघितला, आणि मग नुसतीच बसून राहिली. मला वाटलं, आता ती तो परत ठेवणार.

आण्णांनी डब्याकडे हात नेला. "मीपण घेतो अर्धा."

"कशाला?"

"तू एकटी कशाला..."

"तुमचं लिव्हर ठणठणीत आहे. ठेवा तो." तिनं डबा स्वतःकडे ओढला. "पाप वाटून घ्यायला बसलेत. जा, झोपा जावा."

आण्णा उठले नाहीत. आईनं मनातल्या मनात काहीतरी म्हटलं, ओठ हलताना दिसले. मग तिनं घास तोडून तोंडात घातला. गोळी गिळावी तसा पाण्याबरोबर गिळायला बघत होती, पण लाडू काही गिळला जाईना. तो चावावाच लागला. ती चावत राहिली. तिच्या बसलेल्या कानशिलांखाली जबड्याची हालचाल मला दिसत होती.

"गूळ कमी पडलाय," ती अखेर म्हणाली.

आण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

काकूंना कळायला फार दिवस लागले नाहीत. गावात थोडी कुजबुज झाली. एवढ्या वर्षांचं व्रत म्हातारपणी सोडलं, असं कुणी म्हणालं. आईनं ते ऐकलं आणि सकाळ-संध्याकाळ चालत बस्तीला जात राहिली. आधी वाटेत पारावर, मग दुकानाच्या पायरीवर बसायची. पुढेपुढे पारावरची माणसं हाक मारत तरी ती थांबेना. तिचं लिव्हर बरं झालं नाही. ते होणारच नव्हतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण त्यानंतर आई आम्हाला पुष्कळ वर्षं मिळाली. माझ्या मुलीला भाकरी थापायला तिनं शिकवलं, आण्णांना शेवटपर्यंत तिनंच सांभाळलं. आता दोघंही नाहीत. आई गेल्या कार्तिकात गेली. तिच्या शेवटच्या आठवड्यांबद्दल लोक विचारतात. मला सांगायला आठवतो तो मात्र वेगळाच एक दिवस.

चातुर्मास संपून माताजी विहार करत पुढच्या गावी गेल्या होत्या. थंडी पडली होती. मी पुन्हा रजा काढून आले होते आणि आम्ही दोघी मिरजेला तपासणीला गेलो होतो. डॉक्टर मुल्लाबाई खूश होत्या, त्यांनी आईकडून लाडवाचं प्रमाण लिहून घेतलं होतं. स्टँडच्या तोंडाशी आम्ही रस्ता ओलांडत होतो. मी तिचे कागद पिशवीत भरता भरता पाय पुढे टाकला, आणि माझं मनगट कुणीतरी मागे खेचलं. एक एसटी अगदी नाकासमोरून वळून गेली. धुरात काही क्षण काहीच दिसलं नाही.

"डोळे कुठं आहेत?" आई म्हणाली. "एवढी पुस्तकं वाचतीस, समोरची गाडी वाचायला येत नाही?"

तिनं माझा हात पलीकडे पोचेपर्यंत सोडला नाही. मला दुखत होतं. मी तसं म्हटलं नाही. गाडीत खिडकीजवळ बसल्यावर मी बाही वर करून बघितलं. मनगटावर तिच्या चार बोटांचे लाल वळ उठले होते, स्पष्ट, वेगवेगळे मोजता येतील असे. ती शेजारी डोळे मिटून बसली होती.

गाव येईपर्यंत ते फिके झाले. मी सारखी बाही वर करून बघत होते.